पहिला सोमवार, चार घड्याळं

सोमवार, 28 जुलै 2025. श्रावणातला पहिला सोमवार.

आज पान पुरायचं नाही. कोपऱ्यात आधी वेळा मांडून ठेवतो: जॉर्जियातलं बातुमी आपल्या दीड तास मागं, मँचेस्टर साडेचार तास मागं, थायलंडचं बँकॉक आणि कंबोडियाचं नॉम पेन्ह दीड तास पुढं. हे मांडलं नाही तर रोजनिशीत तारखा घसरतात.

दिव्या देशमुख जिंकली. नागपूरची पोट्टी, वय 19, मानांकन पंधरावं. बातुमीत महिला बुद्धिबळ विश्वचषकाचा अंतिम सामना कोनेरू हम्पीशी, म्हणजे कप भारतातच यायचा होता. शनिवार-रविवारचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, म्हणून आज टायब्रेकर. पहिला जलद डाव बरोबरीत, दुसरा दिव्यानं काळ्या मोहऱ्यांनी मारला. एकूण अडीच-दीड.

पारावर विचारणा होती ती घड्याळाची. जलद डावात प्रत्येकीला 15 मिनिटं, आणि चाल केली की 10 सेकंद जमा. डाव 60 चालींचा झाला तर 600 सेकंद वाढतात, म्हणजे एकीला सगळी मिळून 25 मिनिटं. ऐकायला भरपूर वाटतात. पण सुरुवातीच्या गुंत्यात दहा-बारा मिनिटं गेली की पुढचा सगळा खेळ त्या जमा होणाऱ्या दहा सेकंदांवर येतो. मोहरी कमी झाल्यावर तर एक चूक झाली की सावरायला दुसरं मोहरंच नसतं. हम्पीचं तिथंच बिनसलं, वेळ संपत आली आणि चाल चुकली. अन् ही हम्पी साधी नव्हे. डिसेंबर 2024 मध्ये न्यूयॉर्कला जलद बुद्धिबळाचं जगज्जेतेपद तिनंच घेतलं होतं. त्यामुळे टायब्रेकर म्हटल्यावर पारडं तिचंच जड वाटत होतं.

एक दुरुस्ती आजच लिहून ठेवतो, कारण उद्या गावात फलक लागेल तेव्हा त्यावर ‘जगज्जेती’ असणार. ते चूक आहे. जगज्जेती चीनची जू वेन्जून. विश्वचषकातून कँडिडेट्स स्पर्धेची जागा मिळते आणि ती स्पर्धा जिंकणारी जगज्जेतीला आव्हान देते. दिव्यानं मिळवलं ते मात्र याहून दुर्मीळ वाटतं. ग्रँडमास्टर व्हायला एरवी तीन नॉर्म, म्हणजे मोठ्या स्पर्धांत ठरलेल्या दर्जाची कामगिरी तीनदा, आणि 2500 गुणांकन लागतं. तिच्याकडे एकही नॉर्म नव्हता. हा कप जिंकला की किताब थेट मिळतो, या नियमानं ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली. बायकांमध्ये हम्पी, हारिका, वैशाली आणि आता ही चौथी.

इंग्लंडशी मँचेस्टरची कसोटी कालची, पण बोलणं आज. 311 धावांची पिछाडी, पहिल्याच षटकात शून्यावर दोन बाद, आणि तिथून 4 बाद 425. गिल 103, राहुल 90. शेवटच्या तासाला स्टोक्स हात मिळवायला आला तेव्हा जडेजा 89 वर, सुंदर 80 वर. कसोटी लवकर थांबवायला दोन्ही कर्णधारांची संमती लागते. आपण दिली नाही, आणि दोघांची शतकं झाली. इंग्लंडवाल्यांना यात रडण्यासारखं काय होतं, कळलं नाही. लांबच्या गावांची डाक आवृत्ती लवकर छापायला जाते, त्यामुळे रात्रीच्या अशा सामन्याचा तपशील मंगळवारच्या अंकातच शोधावा.

थायलंड-कंबोडियाची लढाई 24 तारखेपासून. आज मलेशियात पुत्रजायाला युद्धविराम ठरला, तिथल्या मध्यरात्रीपासून. म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा. नोंद 28 च्याच पानावर येते. भांडण डोंगरावरच्या जुन्या देवळांचं, ता मुएन थोम आणि प्रेआह विहेअर. दोन्ही शिवाची. दुसरं 1962 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं कंबोडियाला दिलं, फ्रेंचांनी 1907 मध्ये काढलेल्या नकाशाच्या आधारानं. श्रावण सोमवारी महादेवाच्या देवळावरून तोफा चालल्याची बातमी, आणि श्रीनगरजवळच्या सैन्याच्या कारवाईचं नावही ‘ऑपरेशन महादेव’. तिथं तीन दहशतवादी ठार. पहलगामच्या हल्ल्यातले तेच का, हे सरकारनं सभागृहात सांगेपर्यंत ‘तीन ठार’ एवढंच लिहितो. लोकसभेत ऑपरेशन सिंदूरवर चर्चा आजच सुरू झाली.

उद्या नागपंचमी. डवरा बंद, विळाही चालत नाही. पेपर सावकाश वाचता येईल.