पणजोबांच्या आधी गावाचा जुना जिल्हा शोधा: संभाजीनगर ते अहमदपूर, तीन दिवसांची फेरी

छत्रपती संभाजीनगरला दोन दिवस, एक ग्रंथालयात आणि एक पुराभिलेखागारात. मग रात्रीच्या एसटीने अहमदपूर आणि तिसऱ्या दिवशी तहसीलची रेकॉर्ड रूम. अहमदपूर तालुक्यातल्या एका शेतकरी घराण्याच्या पाच पिढ्या लावण्यासाठी ही फेरी होती. मंगळवार ते गुरुवार हे दिवस मुद्दाम धरले. सरकारी कचेऱ्या शनिवार-रविवार बंद असतात आणि काही ग्रंथालयांची सुट्टी सोमवारी असते.

बहुतेक लोक उलटं करतात. थेट तहसील गाठतात, आडनाव सांगतात आणि "सापडत नाही" ऐकून परततात. मराठवाड्यात आडनावाने शोध लागत नाही. जुन्या कागदात कित्येकदा आडनावच नसतं. नाव, बापाचं नाव, कौम म्हणजे जात, आणि गाव एवढंच असतं. म्हणून ग्रंथालयातल्या पहिल्या दिवसाचं काम एकच: कोणत्या साली गाव कोणत्या तालुक्यात आणि कोणत्या जिल्ह्यात होतं, त्याचा तक्ता करणं.

आमच्या गावाचा तक्ता असा झाला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत अहमदपूर बीदर जिल्ह्यात, नंतर उस्मानाबादेत आणि १६ ऑगस्ट १९८२ पासून लातुरात. म्हणजे १९५१ च्या जनगणनेची गावयादी बीदरखाली पाहायची आणि गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, १९७२ चं उस्मानाबादचं मागायचं. लातूरच्या नावाखाली या दोन्हींत काहीच मिळणार नाही. उदगीर आणि निलंग्याचंही असंच. किनवट आदिलाबादेतून नांदेडला आलं. अंबाजोगाई जुन्या कागदांत मोमिनाबाद म्हणून येतं. जालना १९८१ चा जिल्हा, हिंगोली १९९९ चा. त्याआधीचे बहुतेक कागद अनुक्रमे औरंगाबाद आणि परभणीच्या नावाने.

गॅझेटियर पहिल्या पानापासून वाचू नका. शेवटचं गावांचं प्रकरण आधी उघडा, मग महसुलाचं. तिथे घराण्याची नावं मिळतील ही आशा नको. गाव खालसा, म्हणजे थेट सरकारी कारभाराचं होतं की जहागिरीचं, हे मात्र तपासा. जहागिरी १९४९ साली गेल्या. तोवर त्या गावांचा कारभार जहागीरदाराच्या कचेरीतून चालायचा, त्यामुळे खालसा गावांच्या दप्तरात ती गावं सापडतीलच असं नाही. फळीवर शोधायचं तर ड्यूई वर्गीकरणात वंशावळीचा वर्ग ९२९ आणि भारताच्या इतिहासाचा ९५४. पण खरा माल बऱ्याचदा नोंदच न झालेल्या गठ्ठ्यात असतो: शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, यात्रेची पुस्तकं, मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांच्या याद्या. संगणकात पाहून "नाही" म्हणाले तर "गावांच्या स्मरणिका कुठे ठेवता?" असं विचारा. उत्तर बदलतं.

दुसरा दिवस पुराभिलेखागार. आधारची प्रत, विषय लिहिलेला अर्ज आणि पेन्सिल जवळ ठेवा. शाईचा पेन बाहेरच. फोटोची परवानगी आधी मागा आणि फ्लॅश बंद करा. कागद ठिसूळ असतो. कोपरा चिमटीत धरून पान उलटलं की तुकडा हातात येतो, म्हणून तळहात पानाखाली सरकवून उलटा.

इथे भाषा आडवी येते. निजामाच्या राजवटीतल्या उत्तरकाळातले सरकारी कागद उर्दूत, त्याआधीचे फारसीत, कुलकर्ण्यांची दप्तरं मोडीत. वाचणारा माणूस सोबत नसेल तर दिवस वाया जातो. पण उर्दू येणाऱ्यालाही गावाकडची आडनावं माहीत असतातच असं नाही. एकच उदाहरण पुरे. उर्दूत ढोले आणि ढवळे अगदी सारखं लिहितात: ड, ह, वाव, लाम, ये. मधला वाव 'ओ'चा की 'व'चा, हे अक्षरावरून कळत नाही. उर्दूत ळ नाही, म्हणून काळे हे काले होतात. त्यामुळे वाचणाऱ्याने 'ढोले' सांगितलं की लगेच नाव खोडू नका. पुढचं 'वल्द' पाहा, सर्व्हे नंबर पाहा. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, जौजे म्हणजे अमक्याची बायको, साकिन म्हणजे राहणार, मुतबन्ना म्हणजे दत्तक. हा शेवटचा शब्द नजरेतून सुटला तर झाडाची फांदी भलत्याच घराला चिकटते.

तारखा फसलीत, म्हणजे महसुली सालात असतात. हैदराबादचं फसली साल ऑक्टोबरात आजर महिन्यापासून सुरू होतं. आजर, दै आणि बहमन या पहिल्या तीन महिन्यांत इसवी सनासाठी ५९० मिळवा, इस्फंदारपासून पुढे ५९१. आजर १३४३ म्हणजे ऑक्टोबर १९३३. खुर्दाद १३४३ म्हणजे एप्रिल १९३४. बहमनचे शेवटचे दोन-चार दिवस जानेवारीत जातात, तिथे जपा. पेशवाईतल्या मोडी कागदांवर शुहूर सन ही वेगळी कालगणना येते आणि तीही अरबी शब्दांत. उदगीरची लढाई फेब्रुवारी १७६० ची. ते साल 'सितैन मया व अलफ', म्हणजे साठ, शंभर, हजार: ११६०. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून ६००. फसली आणि शुहूरची गल्लत झाली की एका फटक्यात नऊ वर्षं सरकतात आणि मुलगा बापाच्या वयाचा होतो.

तहसीलला तोंडी मागू नका. अर्जात गाव, जुना तालुका, सर्व्हे नंबर आणि रजिस्टरचं नाव लिहा. पहिली मागणी १९५४-५५ च्या खासरा पाहणीची. त्यात सर्व्हे नंबरवार पट्टेदार (ज्याच्या नावावर जमीन तो) आणि कब्जेदार (प्रत्यक्ष ताबा असलेला) येतात. हैदराबाद संस्थानात हक्कनोंदीचा कायदाच १३५८ फसलीचा असल्याने त्याआधीचे फेरफार मागून मनस्ताप तेवढा होतो. दुसरी मागणी गाव नमुना १४ ची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या कोतवाल बुकाची. घरात इनाम किंवा वतन असेल तर मुंतखब मागाच. इनामाच्या वारसा चौकशीचा तो निकाल असतो आणि एका कागदात दोन-तीन पिढ्या उतरलेल्या असतात. शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर मात्र शाळेतच. तिथल्या जन्मतारखेवर फार भिस्त नको, १ जूनला जन्मलेली मुलं गावोगाव आहेत.

२०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर बरीच रजिस्टरं स्कॅन झाली आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर याद्या आल्या. पण याद्या त्या नोंदींपुरत्याच. त्याच पानावरची शेजारची नोंद त्यांत येत नाही, म्हणून मूळ पान मागायचंच. नक्कल लगेच मिळेल असं धरू नका. टाळाटाळ होत असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि तीस दिवसांची वाट.

आमच्या घराण्यात सगळ्यात मोठी अडचण नावांचीच निघाली. मारोती वल्द ग्यानोबा वल्द मारोती. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत असल्याने दोन मारोतींचा एकच होतो आणि दोन पिढ्या गळतात. एका पिढीला साधारण २५ ते ३० वर्षं धरा. एकच मारोती सत्तर वर्षं पट्टेदार दिसला तर ते दोघे आहेत असं समजा. प्रत्येक नोंदीशेजारी रजिस्टरचं नाव, पान आणि अनुक्रमांक तिथल्या तिथे लिहा. मोबाइलमधल्या तीनशे फोटोंत महिन्याभराने कुठलं पान कुठलं, हे कळत नाही.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या सगळ्यात शेवटी. आधी गाव, जात आणि निदान तीन पुरुषांची नावं हातात असू द्या, त्यावरून वही निघते. वाचून झाली की ते घरातली आजची नावं लिहून घेतात. महसुली कागदांत बायका बहुतेक 'जौजे' एवढ्यापुरत्याच येतात, तेव्हा या वहीत लेकी-सुनांची नावं माहेरच्या गावासकट सांगा.