जव्हार: राजवाडा शेवटी बघा

जव्हारला जाणारे बहुतेकजण आधी जयविलास राजवाड्यासमोर फोटो काढतात, मग दाभोसा धबधबा गाठतात आणि परततात. आम्ही उलट्या क्रमाने गेलो. तुम्हीही तसंच करा, कारण जयविलास बांधला गेला जव्हार संस्थानाच्या अगदी अखेरच्या काळात. त्याआधीची सहाशे वर्षं या डोंगरांतच गेली.

नाशिकहून त्र्यंबक-मोखाडामार्गे साधारण ऐंशी किलोमीटर पडतात. मुंबईकरांनी अहमदाबाद महामार्गावर मनोरला वळून विक्रमगडवरून यावं. पावसाळ्यात घाटात धुकं दाटतं, तेव्हा अंधाराच्या आत पोहोचा.

पहिला भूपतगड. झाप गावातून वाट चढते. पाणी आणि खाणं जव्हारमधूनच घेऊन निघा, आणि वाट दाखवायला गावातलं कुणी मिळालं तर उत्तम. माथ्यावर पाण्याची टाकी आणि पडकी तटबंदी, खाली पिंजाळ नदीचं खोरं. कोकण आणि घाटमाथा यांच्यामधली ही जागा हातात असली की राज्य कसं टिकतं, ते इथे उभं राहिल्यावर समजतं.

जव्हारच्या राजघराण्याचा मूळ पुरुष जयबा मुकणे, महादेव कोळी. एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन त्याने मागितली आणि कातड्याच्या बारीक वाद्या कापून मोठा मुलूख वेढला, अशी दंतकथा आहे. (कार्थेजच्या राणीचीही हीच गोष्ट सांगतात. जमीन मिळवणाऱ्यांना ती सोयीची असावी.) 1343 मध्ये दिल्लीच्या सुलतानाने त्याच्या मुलाला राजा म्हणून मान्यता दिली. ‘शहा’ हा किताब तेव्हापासूनचा.

गावाजवळच्या शिरपामाळावर दोन घटना एकत्र आठवाव्यात. 1664 मध्ये सुरतेला जाताना शिवाजी महाराज इथे थांबले आणि राजा विक्रमशहाने त्यांचा शिरपेच देऊन सन्मान केला, असं सांगतात. इथलं स्मारक त्याच भेटीचं आहे. मात्र 1672 च्या जूनमध्ये महाराजांचेच पेशवे मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकून घेतलं आणि विक्रमशहाला मुलूख सोडून पळावं लागलं, हे सहसा कुणी सांगत नाही. सुरतेची वाट ज्याच्या दारातून जाते, त्याच्याशी मैत्री किती दिवस पुरणार? पुढे पेशवाईत संस्थान आणखी आक्रसलं.

आता जयविलास. काजूच्या झाडांत उभी दगडी इमारत. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांचा हा वाडा. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं आणि यशवंतराव पुढे लोकसभेवरही गेले. वाडा खासगी मालकीचा आहे, आत सोडतात की नाही ते गावात आधी विचारून घ्या. बाहेरूनही देखणा दिसतो, पण मला तिथे फार वेळ काढावासा वाटला नाही. याच तालुक्यातली वावर-वांगणी 1992-93 मध्ये कुपोषणाने गेलेल्या मुलांमुळे राज्यभर गाजली. ते आठवत असेल तर झुंबरांकडे डोळे भरून बघवत नाही.

दाभोसा पावसाळ्यानंतर लगेच पाहावा. भर पावसात खालची वाट निसरडी होते, तेव्हा वरूनच बघा. उन्हाळ्यात आलात तर बोहाड्याची तारीख विचारून या. देवादिकांचे मुखवटे रात्रभर नाचतात, त्यामुळे मुक्कामाची सोय आधीच करा. वारली चित्रं घ्यायची असतील तर थेट पाड्यावरच्या कलाकाराकडून घ्या आणि घासाघीस टाळा.