पंचवीस हजारांत गेमिंग पीसी, आणि तोही सोलापूरच्या उन्हात

अठरा-वीस हजारांत काचेचं कॅबिनेट, आत फिरणारे लाल-निळे पंखे आणि वर ‘आय५, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स’ असा कागद चिकटवलेला पीसी दिसला, तर पैसे काढायच्या आधी दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. आय५ कितव्या जनरेशनचा? आणि ग्राफिक्स कार्डाचं पूर्ण नाव काय? मला जिथे जिथे असं मशीन दाखवलं, तिथे उत्तर जवळपास एकच आलं: थर्ड जनरेशन, आणि जीटी ७३०.

म्हणजे २०१२ सालचा प्रोसेसर, २०११ साली आलेल्या एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, आणि २०१४ सालचं असं कार्ड की जे तेव्हाही सगळ्यात खालच्या पायरीवरचं होतं. ‘४ जीबी’ हे त्या कार्डाच्या मेमरीचं माप आहे, ताकदीचं नाही. ज्याच्या घरात आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटर येणार असतो त्याला हे कोण सांगणार? वर्षभर साठवलेले पैसे दिव्यांवर जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून मी काय घेतलं आणि का घेतलं ते सगळं लिहून ठेवतो.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात डिझाइनला आहे. जॅकार्डची, म्हणजे विणीतच उतरणाऱ्या नक्षीची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायची, रंग बसवायचे, फाइल मागाकडे द्यायची, हे रोजचं काम. घरी मशीन असलं तर बाहेरची चार डिझाइनं करता येतील हे वडिलांना पटलं, आणि धाकट्याला व्हॅलोरंट खेळायचं होतं. गेल्या वर्षी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरच्या जत्रेच्या दिवसांत माझी भिशी लागली, पंचवीस हजार. मशीन, स्क्रीन, कीबोर्ड, यूपीएस, सगळं त्यातच बसवायचं होतं.

एवढ्या पैशात नवे पार्ट जुळवत बसू नये, ऑफिसातून निघालेला टॉवर घ्यावा, हे माझं ठाम मत आहे. मोठ्या कंपन्या पन्नास-शंभर मशीनं एकदम घेतात आणि चार-पाच वर्षांनी एकदम काढून टाकतात. त्यांवर आयुष्यभर टॅली आणि एक्सेलच चाललेलं असतं. बोर्ड चांगला असतो, एसएमपीएस (आतल्या पार्टना वीज पुरवणारा डबा) चांगला असतो, आणि दिसायला काहीच नसल्यामुळे भाव पडलेला असतो. लॉटचा माल घेणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून मी डेलचा ऑप्टिप्लेक्स ५०६० घेतला. आय५-८५००, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, ११,५०० रुपये. तो प्रामाणिकपणे म्हणाला, “मालक, ह्याला लायटिंगबियटिंग काय नाही बरं का, ऑफिसचा माल आहे.” मला तेच हवं होतं.

आठव्या जनरेशनचाच हट्ट का, तर त्याला कारण आहे. इंटेलच्या चार आकडी नंबरात पहिला आकडा जनरेशनचा असतो: ३४७० म्हणजे तिसरी, ६५०० म्हणजे सहावी, ८५०० म्हणजे आठवी. सातव्यापर्यंतच्या डेस्कटॉप आय५ मध्ये फार तर चार कोर (एकाच वेळी काम करणारे प्रोसेसरचे भाग) होते, आठव्यापासून सहा झाले. आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची प्रोसेसरची यादी, एखाद-दुसरा अपवाद सोडला, तर आठव्यापासूनच सुरू होते. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे मी घेतलं तेव्हाच जाहीर झालेलं होतं. व्हॅलोरंटचं तर आणखी कडक आहे. विंडोज ११ वर ती गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या दोन सुरक्षेच्या सोयी चालू असल्याशिवाय उघडतच नाही. जुगाड करून जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ चढवता येतं, पण ज्या गेमसाठी मशीन घ्यायचं तीच अडून बसली तर काय उपयोग? शिवाय अशा ब्रँडेड मशीनच्या बोर्डातच विंडोजचं लायसन्स असतं, इन्स्टॉल केलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. तो खर्च वाचतो.

ज्यांना व्हॅलोरंट नकोच आहे त्यांच्यासाठी आज सहाव्या-सातव्या जनरेशनची मशीनं आणखी स्वस्तात निघतायत, कारण कंपन्या विंडोज १० मुळेच ती काढतायत. त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स टाकून स्टीमच्या प्रोटॉनमधून (विंडोजच्या गेम लिनक्सवर चालवणारी सोय) बऱ्याच गेम नीट चालतात. व्हॅलोरंट मात्र लिनक्सवर चालत नाही, हे आधीच ध्यानात ठेवा.

घेताना एक गोष्ट डोळ्यांनी बघायची: टॉवर आहे की बारीक आडवी पेटी. बारीक पेटी स्वस्त मिळते, पण तिच्यात अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं, आणि तसलं कार्ड शोधताना वाचलेले पैसे परत जातात.

घरी आणून पेटी उघडली तेव्हा कळलं की मशीन बँकेतून नाही, एखाद्या कारखान्यातूनच आलंय. प्रोसेसरवरच्या हिटसिंकच्या (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांत कापसाच्या तंतूंची गादी बसली होती, करड्या रंगाची, बोटाने धरली तर सलग पापुद्र्यासारखी निघणारी. पंखा वरून फिरत होता, पण हवा पात्यांपर्यंत जातच नव्हती. पूर्व भागात घरोघरी यंत्रमाग आहेत, हवेतच तंतू असतात, त्यामुळे आमच्याकडे नव्या मशीनचंही काही महिन्यांत असंच होतं. ब्रशने सगळं काढलं, पंख्याची पाती हाताने धरून ब्लोअर मारला, प्रोसेसर आणि हिटसिंकच्या मधली, वाळून खडखडीत झालेली जुनी पेस्ट पुसून नवी लावली. नुसत्या एवढ्यावर प्रोसेसरचं तापमान इतकं उतरलं की पंख्याचा आवाज येईनासा झाला.

मग रॅम. एकच ८ जीबीची स्टिक होती, मी तेवढीच दुसरी टाकली, जुनी, १,३०० रुपयांत. दोन स्टिक असल्या की प्रोसेसर दोन वाटांनी डेटा घेतो, आणि गेममध्ये मधेच जो झटका बसतो तो कमी होतो. १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन कधीही बऱ्या. आज मात्र हा भाव राहिलेला नाही. २०२५ च्या शेवटी रॅम कडाडली, कारण मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आपला माल एआयच्या सर्व्हरकडे वळवला. त्यामुळे आता जुनं मशीन घेणार असाल तर आत १६ जीबी आधीच असलेलं शोधा, हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

कार्डाच्या बाबतीत आधी वॉटचा हिशेब, मग बाकी सगळं. माझ्या टॉवरच्या एसएमपीएसवर २६० वॉट लिहिलंय आणि त्यातून कार्डासाठी वेगळी वायर निघत नाही. बोर्डाच्या स्लॉटमधून कार्डाला फार तर ७५ वॉट मिळतात. म्हणजे ७५ वॉटच्या आतलं, बाहेरून वायर न लागणारं कार्डच हवं. आरएक्स ५८० ची सगळे शिफारस करतात, आणि त्याच पैशात ते खरंच जास्त ताकदीचं आहे, पण त्याला १८५ वॉट लागतात. एसएमपीएस बदलू म्हटलं तर डेलच्या या बोर्डाला बाजारातला नेहमीचा २४ पिनचा कनेक्टर बसत नाही. शिवाय ती बरीचशी कार्डं मायनिंगमधून, म्हणजे क्रिप्टोकरन्सी कमावण्याच्या धंद्यातून निघालेली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टोकरन्सीचं मायनिंग बंद झालं आणि दिवसरात्र तापलेली कार्डं ढिगाने बाजारात आली, ती अजून हातोहात फिरतायत.

राहिली दोन, जीटीएक्स १०५० टीआय आणि जीटीएक्स १६५०. मी १६५० घेतलं. हा निर्णय आज तर आणखी बरोबर वाटतो, कारण एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर १०५० टीआयच्या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर काढणं थांबवलं. १६५० ला ते अजून मिळतात. फक्त १६५० चे काही प्रकार ६ पिनची वायर मागतात, ते बघून घ्यायचं.

कार्ड सिकंदराबादहून आणलं. आमचे मामा तिकडे असतात, आणि चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये जुन्या-नव्या कार्डांची एवढी दुकानं आहेत की समोर बसून तपासून घेता येतं. पुण्याला जायचं तर तापकीर गल्ली आहेच, पण आमच्यासारख्यांना हैदराबाद मामाच्या घरामुळे सोयीचं. पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड (कार्डाची खरी माहिती दाखवणारं) आणि फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारं) ही सॉफ्टवेअरं टाकून नेली होती. जीपीयू-झेड चालवून ८९६ कोर आणि १२८ बिट बस दिसते का ते बघितलं, कारण जुन्या कार्डाचा बायोस (त्याच्या आतला मूळ प्रोग्राम) बदलून त्याला नवं नाव देणारे लोक आहेत. अशी नकली कार्डं जीपीयू-झेड बहुतेक वेळा ओळखतं आणि नावापुढे तसं लिहून दाखवतं. मग फरमार्क लावून शांत बसलो. दुकानदार घाईला आला, पण मामाच्या मुलाने तेलुगूत त्याला चहा मागवायला लावला आणि तोवर कार्ड तापून स्थिर झालं. स्क्रीनवर ठिपके नाहीत, पंख्याला खरखर नाही, मागचे सगळे पोर्ट चालू. ६,२०० रुपये.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. आमचं घर अशोक चौकाच्या पलीकडे, भाड्याचं, जुनं. मशीन लावलं आणि पेटीच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या यायच्या. बऱ्याच घरांत हे होतं आणि लोक म्हणतात, कॉम्प्युटरला थोडा करंट असतोच. नसतो! एसएमपीएसमध्ये गडबड गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींमधून पेटीच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तिथून झिरपणारा किंचित करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्ट, तसंच उभं राहतं. करंट अगदी थोडा असतो म्हणून माणसाला नुसत्या मुंग्या येतात, पण केबल लावता-काढताना पोर्ट उडायची भीती असते. आणि एसएमपीएसमध्ये खरंच बिघाड झाला तर तोच पत्रा जीव घेऊ शकतो.

वायरमनला बोलावलं. त्याने होल्डरमधला बल्ब एकदा फेज आणि न्यूट्रलला लावला, लख्ख पेटला. मग फेज आणि अर्थिंगच्या भोकाला लावला, पेटलाच नाही. “अर्थिंगच नाही बघा इथं. तीन पिनचं बोर्ड नुसतं नावाला बसवलंय.” मालकांची परवानगी घेऊन मागच्या बोळात खड्डा केला, सळई, कोळसा, मीठ, आणि तिथून हिरवी वायर थेट त्या एका बोर्डापर्यंत. ११०० रुपये गेले. परत तोच बल्ब लावला, तेवढाच लख्ख पेटला. मुंग्या गेल्या. पंचवीस हजारांतले हे सगळ्यात चांगले खर्च झालेले पैसे आहेत असं मी कुणालाही सांगेन. भावाच्या मित्रांना आधी हेच विचारतो, कार्ड कुठलं ते नंतर. २,४०० चा ६०० व्हीएचा यूपीएसही त्याच हिशेबात घेतला. लाइट गेली की गेम वाचवायला नाही, मशीन नीट बंद करायला.

उन्हाळ्याचं काय? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ ला जातो, स्लॅबखालची खोली रात्री दहालाही तापलेली असते. पंखा खोलीतलीच हवा आत ओढणार, त्यामुळे कार्ड थंड राहील ही अपेक्षाच धरू नये. मी दोन गोष्टी केल्या. गेममध्ये फ्रेम (स्क्रीनवर बदलणारी चित्रं) सेकंदाला ६० वर बांधून टाकल्या, कारण माझा मॉनिटर साठच्या वर दाखवतच नाही, वरच्या फ्रेमसाठी कार्डाने तापायचं कशाला? आणि आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर वापरून कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे वीज खाण्याची मर्यादा, थोडी खाली आणली. खेळताना फरक कळला नाही, तापमानात कळला. पेटी जमिनीवरून उचलून पाटावर ठेवली, तंतू आधी खालूनच जातात.

मॉनिटर १९ इंची, १६०० बाय ९०० चा, जुना, १,८०० रुपये. पोरं याला नाकं मुरडतात. पण फुल एचडीपेक्षा यात पिक्सेल तीस टक्के कमी, म्हणजे कार्डावरचा भार तेवढाच कमी. चार जीबीच्या कार्डासाठी ही जोडी जुळते. कीबोर्ड-माउस ९०० चे. सगळं मिळून २५,२०० झाले, वरचे दोनशे आईने दिले.

व्हॅलोरंट साठवर दगडासारखी स्थिर चालते. जीटीए फाइव्ह हाय सेटिंगवर छान चालते. ज्या नव्या गेमना हार्डवेअर रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा उजेड-सावली दाखवायची कार्डातली सोय) लागतं त्या या कार्डावर उघडतच नाहीत, आणि अलीकडच्या बऱ्याच मोठ्या गेमना चार जीबी कमी पडतात. टेक्स्चर लो ला ठेवावे लागतात. हे मान्य करूनच घेतलं होतं. दिवसा मी त्यावर डिझाइनं करतो, आणि जादाच्या कामातून मशीनचे निम्म्याहून जास्त पैसे परत आलेत. धाकट्याला आता १४४ हर्ट्झचा मॉनिटर हवाय. पुढची भिशी लागली की आधी तोच घेणार, कार्ड अजून दोन वर्षं तरी बदलणार नाही.