अरुगम बेमधली पाहणी

पुण्यातल्या आमच्या छोट्या पर्यटन कचेरीचा धंदा मुख्यतः काशी, चारधाम आणि श्रीलंकेतील रामायणस्थळे यांवर चालतो. त्यामुळे जूनमधल्या एका दुपारी आमचे जुने ग्राहक असलेले एक काका समोरच्या खुर्चीत बसून "ऑगस्टमध्ये आठ दिवस सर्फिंग शिकायला जायचंय," असे म्हणाले, तेव्हा ते मुलांसाठी चौकशी करत आहेत, असाच माझा समज झाला. ते स्वतःसाठीही विचारत होते. २७ वर्षांची मुलगी, २२ वर्षांचा मुलगा आणि ६१ वर्षांचे ते असे तिघे जाणार होते. काकू येणार नव्हत्या, कारण त्यांच्या मते हा सगळा प्रकार "साठी बुद्धी नाठी" या सदरात मोडत होता.

पोहता येते का, हे मी आधी विचारले. "अहो, सांगलीचा आहे मी. कृष्णेला पूर आला की आयर्विन पुलावरून उड्या मारायचो," ते म्हणाले. हे उत्तर पुढे इतके कामाला येईल, असे तेव्हा वाटले नव्हते.

मुलीने वेलिगामाचा एक कॅम्प पसंत करून ठेवला होता. वेलिगामा हे श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचे गाव; सिंहलीत या नावाचा अर्थच मुळी वाळूचे गाव असा होतो, आणि तिथल्या उपसागराचा तळ वाळूचा असल्यामुळे नवशिक्यांना तो मानवतो. जागेची निवड चुकीची नव्हती, महिना चुकीचा होता. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारा त्या किनाऱ्यावर समुद्राकडून येऊन आदळतो, पाणी गढूळ होते आणि लाटा नीट उभ्या राहण्याआधीच विस्कटतात. तिथला खरा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असतो, म्हणूनच ऑगस्टमध्ये कॅम्पचे दर उतरलेले दिसतात, आणि दर उतरलेले पाहून माणूस खूश होतो. काकांना हे सांगताना मला नकाशा उघडावा लागला नाही. "नारळी पौर्णिमेच्या आधी आपले कोळी होडी दर्यात लोटत नाहीत, तोच वारा तिथेही," एवढे म्हटल्यावर ते लगेच म्हणाले, "म्हणजे मालवण, गोवा, सगळंच बाद."

बाद नव्हता तो श्रीलंकेचा पूर्व किनारा. आपल्याकडे पावसाळा असताना तो कोरडा असतो, वारा बहुतेक वेळ जमिनीच्या बाजूने येतो आणि दूर दक्षिणेकडे हिंदी महासागरात उठलेली लाट शेकडो कोस प्रवास करून अरुगम बे या तिथल्या उपसागराच्या टोकाला वळसा घालत शिस्तीत फुटते. मे ते सप्टेंबर हा तिथला हंगाम. गैरसोय अशी की कोलंबोहून वेलिगामा द्रुतगती मार्गाने दोन-अडीच तासांत गाठता येते, तर अरुगम बेला सात-आठ तास मोटारीत बसावे लागते. काका तयार झाले. मुलगी अधिक तत्पर निघाली. तिने त्याच रात्री अरुगम बेमधला एक कॅम्प शोधून, मला न विचारता, २० टक्के आगाऊ रक्कमही भरून टाकली. निळ्या फरशीचा जलतरण तलाव, माडांखाली झोपाळे, योगासनांसाठी लाकडी मंडप आणि ताज्या फळांच्या वाट्या, अशी छायाचित्रे तिने मला पाठवली. त्यांत समुद्र एकाच छायाचित्रात होता आणि तोही तलावाच्या मागे.

योगायोगाने जुलैत मला नुवारा एलियाला सीतामंदिराजवळची हॉटेले पाहायला जायचेच होते. ते काम आटोपून मी दोन दिवस वाढवून घेतले आणि एल्ला, वेल्लवाया, मोनरागला अशी डोंगर उतरत पूर्वेकडे निघाले. लाहुगलाच्या जंगलात रस्त्याकडेला हत्ती उभा होता म्हणून चालकाने गाडी बराच वेळ थांबवली, आणि अरुगम बेला पोहोचेपर्यंत अंधार पडला. दुसरा संपूर्ण दिवस पाहणीसाठी हाताशी होता.

हॉटेलची पाहणी कशी करायची हे मला १४ वर्षांच्या सवयीने येते: चादर उचलून गादी पाहायची, गरम पाण्याचा नळ सोडून घड्याळ लावायचे, स्वयंपाकघरात मागच्या दाराने शिरायचे. सर्फ कॅम्पमध्ये मात्र पाहण्याची वस्तू समुद्रात असते आणि तीही सकाळीच, कारण दुपार होता होता वारा उठतो आणि पाण्यावर सुरकुत्या पडतात. म्हणून पहाटे साडेपाचला मी मुलीने ठरवलेल्या कॅम्पच्या दारात उभी राहिले.

छायाचित्रांत खोटे काहीच नव्हते. तलाव तसाच निळा होता आणि व्यवस्थापक अतिशय अदबीने बोलत होता. एका प्रशिक्षकामागे किती शिकाऊ, असे विचारल्यावर तो "चार, फार तर पाच" म्हणाला. थोड्या वेळाने टपावर बोर्ड बांधलेल्या तीन रिक्षा निघाल्या, त्यांच्या मागोमाग चौथ्या रिक्षेतून मी निघाले आणि किनाऱ्यावर उतरल्यावर माणसे मोजली. शिकाऊ ११ होते आणि प्रशिक्षक दोन, त्यांपैकी एक बराच वेळ पाण्याबाहेर राहून मोबाइलवर सगळ्यांची चित्रफीत काढत होता. बोर्डांकडे पाहून मला आणखी शंका आली. नवशिक्याला आठ-नऊ फुटी, रुंद, वरून फोमचा मऊ बोर्ड द्यावा, कारण तो पाण्यावर सहज तरंगतो आणि अंगावर आला तरी फारशी इजा करत नाही, एवढा अभ्यास मी निघण्यापूर्वी केलेला होता. इथे निम्म्या मुलांच्या हातात साडेसहा-सात फुटी, कडक, चकचकीत रंगवलेले बोर्ड होते. ते बोर्ड छायाचित्रात सुंदर दिसतात, हे मला मान्य आहे.

नऊच्या सुमारास जे घडले ते माझ्यापासून वीस पावलांवर घडले. एक तरुणी लाटेवरून घसरून पडली आणि पाण्याबाहेर डोके काढते तोच शेजारच्या मुलाचा सुटलेला बोर्ड तिच्या हनुवटीवर आदळला; बोर्डाच्या पोटाला असलेल्या कडक पात्याने कातडी चिरली. ती किनाऱ्यावर आली तेव्हा हनुवटीखालून गळ्यापर्यंत रक्ताची धार होती, आणि ती मात्र हसत "काही नाही, काही नाही" म्हणत होती. प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे, असे मी विचारले. पेटी कॅम्पवर होती, स्वागतकक्षाच्या कपाटात. शेवटी माझ्या पिशवीतला धुतलेला पंचा घडी करून मी तिच्या हनुवटीवर दाबून धरला, प्रशिक्षकाने रिक्षा आणली आणि तिला पोत्तुविलच्या सरकारी रुग्णालयात नेले. तिला चार टाके पडले, हे मला संध्याकाळी कळले. उरलेल्या दहा जणांचा तास मधल्या वेळात थांबला नव्हता.

दुसऱ्या कॅम्पविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. तो कॅम्प वाईट नव्हता, पण त्यांचे सगळे लक्ष ज्यांना सर्फिंग येते अशा लोकांकडे होते. ते त्यांना मेन पॉइंटला नेत, जिथे लाट खडकाळ तळावर फुटते आणि पाण्यात आधीच रांग लावून बसलेल्या सराईतांच्या वाटेत नवख्याने आलेले कोणालाच आवडत नाही.

तिसरा कॅम्प मला रिक्षावाल्याने सुचवला, आणि अशा सूचनेमागे दलाली असते हे ठाऊक असल्याने मी जरा नाखुशीनेच तिथे गेले. पत्र्याची शेड, पंख्याच्या सहा खोल्या, दोरीवर वाळत घातलेले अंगरखे आणि भिंतीला टेकवून ठेवलेले पंधरा-वीस फोमचे बोर्ड, बरेचसे ठिगळ लावलेले. कॅम्प चालवणारा चाळिशीचा स्थानिक माणूस होता, ज्याला मी मनात मास्तर म्हणू लागले. मी प्रश्नांची यादी काढण्याआधी त्यानेच मला विचारायला सुरुवात केली. वजन किती? खांदा किंवा गुडघा कधी दुखावला आहे का? रक्तदाबाची गोळी चालू आहे का? समुद्रात पोहला आहात की फक्त तलावात? उत्तरे त्याने एका वहीत लिहिली. नंतर त्याने मला उपसागराच्या आतल्या कोपऱ्यात, ज्याला तिथे बेबी पॉइंट म्हणतात तिथे नेले. टोकावर फुटलेली लाट तिथे पोहोचेपर्यंत लहान आणि सोशीक झालेली असते.

पाण्यात उतरायला मात्र त्याने पंधरा-वीस मिनिटे बंदी केली. आम्ही चौघे शिकाऊ वाळूत बसलो आणि त्याने फक्त समुद्राकडे पाहायला सांगितले. लाटा किती-कितीच्या झुंडीने येतात, दोन झुंडींमध्ये पाणी किती वेळ शांत राहते, फेस कुठे सुरू होतो, आणि कुठे अजिबात फेस नाही. मी भाबडेपणाने त्या गुळगुळीत, फेस नसलेल्या पट्ट्याकडे बोट करून म्हटले की उतरायला ती जागा बरी दिसते. मास्तर म्हणाला, तिथूनच पाणी समुद्राकडे परत जाते. सगळ्यात शांत दिसणारी जागाच माणसाला ओढून नेते. मग त्याने काठीने वाळूत बोर्ड रेखला आणि त्या रेघेवर आम्हाला पालथे झोपवून, हात टेकून, एका दमात उभे राहायला लावले. मी बाराव्या वेळी उभी राहिले, तीही वाळूत. पाण्यात माझ्याकडून गुडघ्यांपलीकडे काही झाले नाही, पण तासभर तो छातीभर पाण्यात माझ्या बोर्डाच्या शेपटीला हात लावून उभा होता, आणि औषधांची प्लास्टिकची पेटी किनाऱ्यावर एका पालथ्या होडीच्या सावलीत ठेवलेली होती. लाटा मोठ्या असतील त्या दिवशी काय करता, असे मी विचारले. त्या दिवशी शिकवत नाही, तो म्हणाला. पैसे परत मिळत नाहीत, पण जमेल त्या दिवशी तो तास भरून देतो. पैसे परत न मिळण्याचे त्याने आधीच सांगितले, हे मला आवडले.

दुपारी मी काकांना फोन लावला आणि सकाळचा प्रकार सांगितला. मुलगी शेजारीच होती. तिचे म्हणणे अगदीच गैर नव्हते: आगाऊ रक्कम बुडणार, शिवाय सुट्टीवर येऊन पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे असेल तर पुण्यात काय वाईट होते? मी तिला हनुवटीची गोष्ट पुन्हा सांगितली नाही. एवढेच म्हटले की दिवसाचे तीन-चार तास तू पाण्यात असशील आणि तेव्हा तलाव तुझ्यापासून दोन मैलांवर असेल. तेवढ्यात मास्तरने खुणेने फोन मागितला, स्पीकर लावायला सांगितले आणि मोडक्या हिंदीत काकांना विचारले, पाणी आत ओढायला लागले तर काय कराल?

"धारेला आडवं मारायचं," काका क्षणाचाही विलंब न लावता मराठीतच म्हणाले. "उलटं कशाला पोहायचं? दमून जाईल माणूस. तिरपं तिरपं जात काठ धरायचा."

मी भाषांतर केले. मास्तर माझ्याकडे पाहून हसला आणि वहीत काहीतरी लिहू लागला. समुद्राच्या ओढीतून सुटायचे तर किनाऱ्याला समांतर पोहायचे, हा पहिला धडा त्याला प्रत्येक नव्या माणसाच्या गळी उतरवावा लागतो. सांगलीच्या माणसाला तो नदीने पन्नास वर्षांपूर्वीच शिकवलेला होता. तरीही पहिला पूर्ण दिवस वाळूवर आणि कमरेएवढ्या पाण्यात जाईल, आणि हृदयाची तपासणी करून त्याचा कागद बरोबर आणावा लागेल, अशा दोन अटी त्याने घातल्या. काकांनी दोन्ही मान्य केल्या. बुडालेल्या आगाऊ रकमेवरून बापलेकीत पुढे काय बोलणे झाले, ते मी ऐकले नाही, कारण त्यांनी फोन ठेवला होता.

परतल्यावर माझ्याकडे एकच महत्त्वाचे काम उरले होते. नेहमीच्या प्रवास विम्यात पुष्कळदा साहसी खेळ वगळलेले असतात, तेव्हा सर्फिंगचा स्पष्ट उल्लेख असलेला वाढीव विमा मी तिघांसाठी घेतला आणि ते वाक्य काकांना अधोरेखित करून पाठवले.

ऑगस्टमध्ये ते जाऊन आले. चौथ्या दिवशी काकांचा अरुगम बेहून फोन आला. आवाज बसलेला होता आणि मागे मुलगा-मुलगी दोघेही मोठमोठ्याने काही बोलत होते. आपण लाटेवर पूर्ण उभे राहिलो, चांगले पाच सेकंद, असे काकांनी सांगितले, मुलीने मागून "दोन!" असे ओरडून दुरुस्ती केली. मी अभिनंदन केले आणि बाकी सगळे ठीक आहे ना, असे विचारले.

"ठीक कसलं," काका म्हणाले. "खोलीतला पंखा रात्रभर कुरकुरतो. हे तुम्ही सांगितलं नव्हतंत."

ते खरे होते. चौदा वर्षांत प्रथमच मी खोलीतला पंखा लावून पाहायला विसरले होते.