केटल ग्रिल: ११० अंश धरले, गळती झाकणात नव्हतीच

अखेर केटलने, म्हणजे झाकणाच्या गोल कोळशाच्या ग्रिलने, मंद आचेचे ११० अंश सेल्सिअस धरले. वरची व्हेंट (हवेचं उघडझाप होणारं छिद्र) पूर्ण उघडी, खालची जेमतेम चार मिलिमीटर, आणि जाळीच्या पातळीवरचा प्रोब (तापमापकाचं टोक) पाच तास १०७ ते ११४ यांच्यामध्येच खेळत राहिला. मागच्या नोंदीत हेच ५७ सेंटिमीटरचं केटल खालची व्हेंट पूर्ण बंद असतानाही १५५वर जाऊन बसत होतं. ग्रिल घेऊन झालंय त्यांना दुरुस्तीचा उपयोग होईल. अजून घ्यायचंय त्यांनी तर हे आधीच वाचावं, कारण दुकानात कुणी वाकून बघत नाही तीच जागा इथे निर्णायक निघाली.

थर्मामीटरची शंका पहिल्यांदा निकालात काढली. झाकणावरची काट्याची तबकडी स्नेक पद्धतीत, म्हणजे कोळशाची साखळी कडेने मांडून एका टोकाने पेटवतात त्यात, काही कामाची नाही. पेटतं टोक तिच्याखाली आलं की ती जाळीपेक्षा वीस-तीस अंश जास्त दाखवते, टोक पुढे सरकलं की उलटं. म्हणून के-टाइप थर्मोकपलचा (दोन धातूंच्या तारांच्या विद्युत तापमापकाचा) प्रोब जाळीला क्लिपने लावला, पदार्थापासून तीन-चार सेंटिमीटर दूर आणि निखाऱ्यांच्या थेट वर येणार नाही असा. तपासणी नेहमीचीच: ठेचलेला बर्फ आणि थोडं पाणी यात ०, उकळत्या पाण्यात १००. उंचावर राहणाऱ्यांनी समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी धरावा, नाहीतर चांगला प्रोब विनाकारण भंगारात जाईल.

मग झाकणाचं गॅस्केट, म्हणजे कडेची फट बुजवणारी पट्टी, जिची मागच्या नोंदीवर बहुतेकांनी शिफारस केली होती. नोमेक्सची (आच सोसणाऱ्या कृत्रिम धाग्याची) फेल्ट पट्टी सलग २०० अंशांच्या आसपासच टिकते. कडक आचेवर भाजताना झाकणाची कड त्याच्या वर जाते आणि पट्टीच्या आधी तिचा गोंद सुटतो. विणलेली फायबरग्लास पट्टी ५०० अंशांपर्यंत सोसते, म्हणून ती लावली. कडेवरून निघणारा धूर थांबला. दिसायला झकास, पण तापमान जागचं हललं नाही. वर पट्टीच्या जाडीमुळे झाकण उचललं जाऊन एका बाजूला कलतं ते वेगळंच.

याचं कारण सरळ आहे. आतली गरम हवा हलकी होऊन वर चढते. त्यामुळे भांड्याच्या वरच्या भागात दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त असतो आणि तळाशी किंचित कमी. वरच्या फटीतून धूर बाहेर पडतो, खालच्या फटीतून हवा आत खेचली जाते. म्हणजे झाकणाच्या कडेची फट ही एक जादा वरची व्हेंट, एवढंच. वरची व्हेंट तशीही उघडीच ठेवायची असते. निखाऱ्यांना हवा किती मिळणार हे तळच ठरवतो. अपवाद वाऱ्याचा: वारा थेट कडेवर आदळत असेल तर त्या बाजूने हवा आत घुसते. तेवढ्यासाठी ग्रिलला आडोसा पुरतो.

तळ तपासायला उपकरण लागत नाही. अंधार पडल्यावर कोळशाची जाळी काढली, तळाच्या तीन छिद्रांवर दांड्याने फिरणारी तिन्ही पाती बंद केली, आत टॉर्च ठेवला आणि खालून पाहिलं. प्रत्येक पात्याच्या बाहेरच्या टोकाशी उजेडाची स्वच्छ कोर दिसत होती. आतल्या टोकाशी, मधल्या खिळ्याजवळ, जवळजवळ काहीच नाही. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातलं तर बाहेरच्या टोकाला दीड मिलिमीटर, मध्यावर एक, आत शून्य पॉइंट पाच. सरासरी एक मिलिमीटर धरू.

आता हिशेब, ढोबळ पण डोळे उघडणारा. एका छिद्राची कड साधारण २० सेंटिमीटर, तीन छिद्रांची ६०. त्यावर एक मिलिमीटरची फट म्हणजे ६ चौरस सेंटिमीटर, अर्थात पावणेतीन सेंटिमीटर व्यासाचं एक गोल भोक, कायमचं उघडं. आत ११०, बाहेर २५ आणि उंची अर्धा मीटर धरली तर ओढ, म्हणजे आतबाहेरच्या दाबातला फरक, सव्वा पास्कलच्या आसपास येते. तेवढ्या ओढीने त्या भोकातून तासाला जवळपास २ घनमीटर हवा आत येते. एक किलो कार्बन पुरता जाळायला साडेनऊ घनमीटर हवा लागते. म्हणजे व्हेंट बंद असताना नुसत्या फटींवर तासाला २०० ग्रॅम कोळसा जळू शकतो, आणि २०० ग्रॅम तासाला म्हणजे १.८ किलोवॉट. पातळ पत्र्याचं केटल ११०वर ठेवायला याहून जास्त काही लागत नाही. वारा थोडा वाढला किंवा पेटवताना दहाऐवजी वीस ब्रिकेट (कोळशाच्या दाबून केलेल्या वड्या) पेटले की पारा १५५कडे निघालाच.

पाती नीट का बसत नाहीत? भांडं गोल, पातं पातळ पत्र्याचं. त्याचा बाक भांड्याच्या बाकाशी जुळला नाही की ते फक्त खिळ्याजवळ टेकतं. केटलचा आकार मुळातच असा आहे. वेबर कारखान्यातल्या जॉर्ज स्टीफनने १९५२ साली समुद्रातल्या बोयाचा धातूचा गोळा मधून कापून पहिलं केटल केलं, तेव्हापासून तळ गोलच राहिला आणि गोल तळावर सरकतं झाकण बसवणं कुणालाच सोपं गेलेलं नाही. त्यात राख आणि ठिबकलेली चरबी मिळून काळा थर जमतो, त्यातली बारीक कच पात्याखाली जाते आणि उरलेलं काम करते.

दुरुस्ती अशी. खालचा दांडा सोडवला, पाती कुठल्या छिद्राची कुठली हे खुणा करून बाहेर काढली. काळा थर गरम साबणपाणी आणि प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढला. तारेचा ब्रश इथे नको आणि जाळीवर तर मुळीच नको, तुटलेली तार पदार्थात जाते. पात्यांवर ॲल्युमिनियमचा मुलामा असेल तर पॉलिश पेपरही लावू नये, मुलामा गेला की गंज आलाच. मग पात्याच्या खालच्या बाजूला खडू घासला, पातं जागेवर ठेवून दोन-तीन वेळा फिरवलं आणि उचललं. जिथे टेकतं तिथला खडू पुसला जातो, बाकीचा शाबूत राहतो. पहिल्या खेपेला पुसलेला भाग मध्याजवळ चिमूटभर होता. पातं वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीने बाहेरच्या टोकापासून हलके ठोके द्यायचे, पुन्हा खडू, पुन्हा ठोके. जोरात ठोकलं तर बाक जास्त होऊन मध्य उचलला जातो आणि सगळं पहिल्यापासून. ठोकाठोकी पात्यावरच करावी. भांड्यावर एकही ठोका पडता कामा नये, पोर्सिलेन इनॅमलचा टवका उडाला की त्याखालचा पत्रा उघडा पडून गंजतो.

पात्याच्या सगळ्या कडेने पुसलेली पट्टी दिसू लागली तेव्हा दांडा आणि भांडं यांच्यामध्ये एक स्टेनलेसचा वेव्ह वॉशर (लाटेसारखी वाकवलेली, स्प्रिंगसारखी दाबणारी चकती) घातला. तो पात्यांना सतत खाली, भांड्याकडे ओढून धरतो. मूळच्या रचनेत ही ओढ फक्त खिळ्याच्या घट्टपणावर असते आणि दांडा फिरवून फिरवून ती सैल पडते. या छोट्या वॉशरने जेवढं काम केलं तेवढं त्या महागड्या गॅस्केटने नाही.

चाचणी कागदाच्या पट्टीची: बंद पात्याखाली पट्टी अडकवून ओढायची. आधी ती आपसूक निसटायची, आता फाटते. पट्टी हातात तुटून आली तेव्हा फार बरं वाटलं. मग तापती चाचणी: १२० अंशांवर खालची व्हेंट पूर्ण बंद, वरची उघडी. वीस मिनिटांत पारा शंभराखाली. म्हणजे लगाम आता खरोखर दांड्याच्या हातात आहे.

स्नेकची मांडणी मागच्यासारखीच: दोन ब्रिकेट शेजारी, त्यावर दोन, कडेने दोन तृतीयांश वर्तुळ, एका टोकाला दहा पेटलेले, मध्ये पाण्याचं भांडं. ब्रिकेटच घ्यावेत. लाकडी कोळसा जास्त तापतो आणि राख कमी करतो, पण तुकडे लहानमोठे असल्याने साखळीत आग कुठे धावते, कुठे विझते. एका पुरवठादाराच्या गोणीत तळाशी चुराच जास्त निघाला. असा चुरा स्नेकमध्ये घालू नये, हवेची वाट बुजते.

निवडीबद्दल. केटल बघायला जाताना मोबाइलचा टॉर्च आणि कागदाची पट्टी बरोबर न्यावी. विक्रेता शेल्फ, चाकं, झाकणावरची तबकडी दाखवेल, तुम्ही वाकून तळ बघावा. पाय जिथे बसतात तिथे भांड्याला आरपार भोकं असतील तर तीही मोजणीत धरावीत. ४७ सेंटिमीटरच्या केटलमध्ये स्नेक आणि पाण्याचं भांडं दाटीवाटीने बसतं, एका बाजूला निखारे आणि दुसरी मोकळी असे दोन भाग करून भाजायचं तर ५७च घ्यावं. जाळी स्टेनलेसची म्हणून सांगितली तर लोहचुंबक लावून पाहा. घट्ट चिकटला तर बहुधा ४३० जातीचं स्टेनलेस, ३०४ जातीला तो सहसा धरत नाही. ४३० वाईट नाही, पण ३०४च्या भावाने घेऊ नये. क्रोमचा मुलामा दिलेल्या जाळ्या सोलतात. बिडाची जाळी पदार्थावर भाजल्याचे डाग छान उठवते, पण तेल चोळून न ठेवल्यास गंजते.

सिरॅमिकचं कामाडो (जाड भिंतींचा, अंड्याच्या आकाराचा कोळशाचा ग्रिल) ही कटकट मुळात देत नाही, तळाचं दार घट्ट असतं. पण जाड भिंती एकदा जास्त तापल्या की खाली यायला तासभर सहज घेतात. तिथे ११०ला खालूनच गाठावं लागतं. ड्रमचा ग्रिल करायचा तर दोनशे लिटरचा ड्रम आतून अस्तर नसलेला घ्या आणि गॅल्व्हनाइज्ड काहीही टाळा, जस्त तापलं की त्याचा धूर घातक. गॅसवाल्यांच्या बीटीयूच्या (उष्णतेचं एकक) आकड्यांवर जाऊ नका. ३६,००० बीटीयू प्रति तास म्हणजे १०.५ किलोवॉट गॅस जळतो एवढंच, जाळीचं क्षेत्रफळ कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

पुढचा बेत पंखा आणि पीआयडी कंट्रोलरचा (तापमान पाहून पंखा आपोआप चालवणाऱ्या यंत्राचा) होता. तो आता मागे टाकलाय. गळक्या भांड्यावर पंखा बंद झाला तरी निखारे भडकत राहतात, आणि घट्ट भांड्याला त्याची गरज निम्मी होते. हे लिहितानाच दुसरी कल्पना आली: दांडा एक मिलिमीटर हलवला की तिन्ही छिद्रं एकदम उघडतात, म्हणून बारीक फेरफार जमत नाही. दोन छिद्रं बाहेरून बंद केली तर तेवढ्याच हालचालीत एक तृतीयांश हवा येईल. भांड्याच्या बाकाचे दोन पत्र्याचे तुकडे जुन्या झाकणातून कापायचे आणि लोहचुंबकाने चिकटवायचे. चुंबक फेराइटचेच, साधे निओडिमियम ८० अंशांच्या पुढे जोर गमावतात आणि राखेखालचा तळ तेवढा तापू शकतो. राख झाडताना तुकडे काढून घेतले की तिन्ही छिद्रं मोकळी. झाकणाचं गॅस्केटही उतरवायचंय, झाकण कललेलं बघवत नाही. गोंद सुटायला गरम साबणपाण्याआधी खरवडणी चालेल का, हे पुढच्या नोंदीत.