पाण्याचा हिशोब

"काका, यंदा ऊस नका लावू. पाणी पुरायचं नाही."

सहावीतली पोरगी आमच्या विहिरीच्या कठड्याशी उभी राहून माझ्या थोरल्या भावाला सांगत होती. तिच्या शाळेतली मुलं गावातल्या विहिरींची पातळी मोजतात. दोरीला दगड बांधलेला, दर फुटावर लाल चिंधीची गाठ. दोरी वर ओढून तिनं कोरड्या गाठी मोजल्या, वहीत आकडा लिहिला, मागच्या महिन्याचा काढून बघितला आणि मगच बोलली.

भाऊ हसला नाही. वही मागून घेतली आणि बराच वेळ चाळत बसला.

दिवसभर माझ्या डोक्यात तेच. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण 4,000 लिटर पाणी. गणित शाळेतलंच, पण आम्हाला ते कुणी शेतात उभं करून शिकवलं नाही. हिवरे बाजार या गावात पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून ग्रामसभेत पिकं ठरतात. सिंचनासाठी बोअर मारायला तिथं बंदी आहे. असा निर्णय पचवायचा तर आधी आकडा वाचता आला पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. विषय आला, मार्क आले. प्रकल्प मात्र स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो, चित्रं चिकटवून. याचा मला मनापासून राग येतो, कारण मुलांना मोजायचं असतं, विचारायचं असतं.

तुमच्या गावची शाळा विहीर मोजते का? मोजत असेल, तर ते आकडे ग्रामसभेत कुणी वाचून दाखवतं का?