आमची वाटचाल : मोटर वाइंडिंगपासून सोलरपर्यंत

तासगावात आमचं दुकान, वडिलांनी सुरू केलेलं, मोटर वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरची तांब्याच्या तारेची कॉइल नव्यानं भरून द्यायचं. या भागात हा धंदा कधी बसला नाही कारण मोटर जळायचं कारणच कधी संपलं नाही. एप्रिल छाटणीनंतर द्राक्षाला पाणी, तिकडं उसाला पाणी, एकाच डीपीवर, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर, नको तेवढ्या मोटारी, व्होल्टेज पडलं की मोटर जादा करंट ओढणार आणि कॉइल जळणार. त्यात सगळ्यांनी ऑटोस्विच लावलेले, लाईट आली रे आली की सगळ्या मोटारी एकदम चालू, आणि मोटर चालू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते, मग डीपीचा फ्यूज उडणार नाहीतर डीपीच जाणार.

वडिलांना एक गोष्ट कायम खटकायची, की लोकांचं नुकसान झालं तरच आपल्याकडं काम येतं. मोटर जळून आलेला माणूस पैशाबद्दल एवढं बोलायचा नाही जेवढं बागेबद्दल बोलायचा, "तात्या उद्यापर्यंत द्याच, घड सुकायला लागल्यात." रात्र रात्र बसून कॉइल भरून दिल्यात त्यांनी.

आणि रात्रीची लाईट हा तर वेगळाच विषय. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, अशी पाळी. अंधारात बॅटरी घेऊन पाणी धरायला जायचं, सापाची भीती, शिराळा-कराडकडं उसात बिबट्या. आपल्या शेजारच्या साताऱ्यात कोयनेचा १९६० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प, पाटणच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या, आमच्याकडं ढालगावच्या डोंगरावर पवनचक्क्या, म्हणजे वीज तयार होताना डोळ्यांनी दिसायची आणि शेतात मात्र रात्री यायची. हे वर्षानुवर्षं चालत आलं म्हणून लोकांना त्यात काही वावगं वाटेना, मला मात्र वाटायचं.

धाकटा भाऊ डिप्लोमा करून दुकानात बसायला लागला आणि त्यानं सोलरचा विषय काढला. २०१० नंतरच्या दहा-बारा वर्षांत जगभरात पॅनलचे दर जवळपास नव्वद टक्क्यांनी उतरले, त्यामुळं जे फक्त सॅटेलाईटला आणि सरकारी ऑफिसच्या छतावर परवडायचं ते बांधावर यायला लागलं. वडिलांचा पहिला प्रश्न होता मग आपल्या वाइंडिंगचं काय. प्रश्न बरोबरच होता. सौर पंपाला कंट्रोलर असतो, ऊन वाढेल तशी तो मोटरची गती वाढवतो, सकाळी हळू, दुपारी फुल, एकदम झटका नाही, विहिरीतलं पाणी संपलं तर आपोआप बंद. म्हणजे ज्या कारणांनी मोटर आमच्याकडं यायची ती बरीच कारणं जाणार. तरी वडील म्हणाले, करूया.

खरा रेटा आला योजनांमुळं. २०१९ साली केंद्राची सौर पंपासाठीची पीएम कुसुम योजना, मग २०२४ ला राज्याची मागेल त्याला सौर कृषिपंप, पंपाच्या किमतीतले शेतकऱ्यानं फक्त दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीसाठी पाच टक्के. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच, त्यापुढं साडेसात. या कामात आम्ही फिटिंग आणि नंतरची सर्व्हिस बघतो. लोक पहिलं विचारतात गारपिटीचं काय, आणि द्राक्षवाल्यानं विचारलं तर ते मनापासून विचारलेलं असतं, गारेनं बाग एका तासात जाताना त्यानं बघितलेली असते. पॅनलची काच टफन्ड असते, टेस्टिंगमध्ये २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा ताशी ८० किलोमीटरच्या वर वेगानं मारून बघतात. त्यापेक्षा मोठी गार पडली तर काच फुटू शकते हेही आम्ही सांगतो, म्हणून योजनेतला विमा महत्त्वाचा.

अजून एक आम्ही प्रत्येकाला सांगतो, कडक उन्हाळा म्हणजे सगळ्यात जास्त वीज असं नाही. पॅनलवर लिहिलेला वॅटचा आकडा पॅनल २५ डिग्रीला असताना मोजलेला असतो, आपल्याकडं एप्रिलमध्ये पॅनल साठीच्या वर तापतो आणि दर डिग्रीला साधारण ०.३५ टक्के उत्पादन कमी होतं, म्हणजे दहा-बारा टक्के तिथंच गेले, वर धूळ. म्हणून पॅनलखालून हवा खेळली पाहिजे आणि सकाळी पॅनल थंड असतानाच धुतलं पाहिजे.

पण माझ्या जिवाला लागलेला विषय पाण्याचा आहे. जत, कवठेमहांकाळ, खानापूर भागात पाणी म्हणजेच वीज. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या योजनांचं पाणी कृष्णेतून पंपानं टप्प्याटप्प्यानं वर चढवावं लागतं, त्या पंपांचं वीजबिल थकलं की आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, लांबायचं, शेवटी बिलाचे ८१ टक्के सरकार आणि १९ टक्के शेतकरी भरणार असं ठरलं तेव्हा जरा सुरळीत झालं. ते पाणी आल्यामुळं कुठं विहिरी भरायला लागल्या, आणि आता सौर पंपाला बिल नाही म्हणून कोण दिवसभर उपसा करत बसला तर बोअर पुन्हा कोरडे. म्हणून ठिबक नसेल तिथं आम्ही आधी ठिबकचं बोलतो, मग पंपाचं. गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली इथंच जवळ, कुंडलच्या माळावर लोखंडी नांगराचा कारखाना आणला. लोखंडी नांगरानं जमीन नासते असं वाटून सुरुवातीला लोक तो घेईनात, तरी ते मागं हटले नाहीत. दूरदृष्टी म्हणजे मला हेच वाटतं, माणसाच्या रोजच्या कष्टात काय बदलेल ते आधी दिसणं. आज रात्रीची पाळी गेलेला शेतकरी संध्याकाळी घरी जेवायला असतो, पोरांचा अभ्यास घेतो. हा बदल युनिटमध्ये मोजता येत नाही पण माझ्या मते सगळ्यात मोठा हाच.

आता बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची कामं घ्यायला लागलोय. तिथं लोड चोवीस तास, सोलर फक्त दिवसा, आणि उद्योगांना आता दिवसाची वीज स्वस्त, संध्याकाळची महाग. म्हणून दुपारीच चेंबर एक-दोन डिग्री जास्त गार करून ठेवायचं आणि संध्याकाळी कॉम्प्रेसर कमी चालवायचा, अशी सेटिंग भाऊ लावून देतो. बॅटरी अजून महाग पडते, पण दर उतरतायत.

वाइंडिंग बंद केलेलं नाही. आमचे जुने मिस्त्री मोटर भरतात आणि आयटीआयच्या दोन पोरी त्यांच्याकडून ते काम शिकतायत, त्याच पोरी मिस्त्रींना मोबाईलवर इन्व्हर्टरचं रीडिंग बघायला शिकवतायत. कुणाला सोलर टाकायचं असेल तर दुकानात येताना मागच्या बारा महिन्यांची लाईट बिलं आणा, पंप असेल तर विहिरीची नाहीतर बोअरची खोली आणि उन्हाळ्यात पाणी किती खाली जातं ते लिहून आणा, बाकीचं चहा घेत बोलू.